विश्लेषण : जगातला पहिला माऊस हाताने घडवणारे बिल इंग्लिश कोण होते? पेटंटवर त्यांचे नाव का नाही?

अमेरिकेच्या नौदलातून बाहेर पडलेल्या या अभियंत्याने लाकडाच्या ठोकळ्यातून पहिला माऊस उभा केला आणि संगणकाच्या इतिहासातले सर्वात गाजलेले प्रात्यक्षिक पडद्यामागून चालवले. तरीही त्यांचे नाव फार थोड्यांना माहीत आहे. असे का झाले?

माऊसचा शोध कोणी लावला? एमएस-सीआयटीच्या तयारीपासून स्पर्धा परीक्षांच्या गाइडपर्यंत हा प्रश्न हमखास भेटतो. उत्तरही ठरलेले असते : डग्लस एंगलबार्ट. हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. माऊसची कल्पना एंगलबार्ट यांची. ती कागदावरून उचलून टेबलावर फिरणारी वस्तू बनवली ती विल्यम ऊर्फ बिल इंग्लिश यांनी. २६ जुलै २०२० रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, कॅलिफोर्नियातील सॅन राफेल येथे त्यांचे निधन झाले. जग तेव्हा करोनाच्या बातम्यांत बुडाले होते आणि घराघरांत व्हिडिओ कॉलवरून ऑफिस आणि शाळा चालू होती. पडद्यावर एकमेकांचे चेहरे पाहत एकाच मजकुरावर काम करण्याचे जे प्रात्यक्षिक १९६८ मध्ये पहिल्यांदा जाहीरपणे झाले, त्याची सगळी तांत्रिक जुळणी याच इंग्लिश यांनी केली होती.

कोण होते बिल इंग्लिश?

इंग्लिश यांचा जन्म २७ जानेवारी १९२९ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनचा. केंटकी विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची पदवी घेतली आणि मग ते अमेरिकेच्या नौदलात गेले. नौदलाच्या नोकरीत त्यांचा मुक्काम उत्तर कॅलिफोर्निया आणि जपान येथे झाला. नौदल सोडल्यावर १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे एसआरआयमध्ये दाखल झाले.

तिथेच त्यांची गाठ एंगलबार्ट यांच्याशी पडली. तेही इलेक्ट्रिकल इंजिनीअर आणि तेही माजी नौसैनिक. एंगलबार्ट इंग्लिश यांच्याहून चार वर्षांनी मोठे. दोघांचा स्वभाव मात्र वेगळा. एंगलबार्ट यांना प्रश्न पडत ते वीस-तीस वर्षे पुढचे. माणसासमोरचे प्रश्न दिवसेंदिवस गुंतागुंतीचे होत चालले आहेत, तेव्हा माणसांची एकत्र विचार करण्याची ताकद यंत्राच्या मदतीने कशी वाढवता येईल, हा त्यांचा ध्यास. १९६२ मध्ये त्यांनी या विषयावर सविस्तर अहवाल लिहिला. पण अहवालाने यंत्र चालत नाही. त्यासाठी वायर जोडणारा, चाचणी घेणारा आणि ठरलेल्या दिवशी सगळे चालू करून दाखवणारा माणूस लागतो. तो माणूस म्हणजे इंग्लिश. ते एंगलबार्ट यांच्या प्रयोगशाळेचे मुख्य अभियंता झाले.

नौदल आणि माऊस यांचा काय संबंध?

वरवर पाहता काहीच नाही. पण पडद्यावरच्या ठिपक्याकडे बोट दाखवण्याची गरज सर्वात आधी भासली ती नौदलांनाच, आणि त्याचे कारण होते रडार.

रडार रेडिओ लहरींचा झटका पाठवते आणि समोरच्या वस्तूवर आपटून परत येणाऱ्या प्रतिध्वनीची वाट पाहते. लहर प्रकाशाच्या वेगाने जाते. त्यामुळे एक किलोमीटरवरच्या वस्तूचा प्रतिध्वनी साधारण ६.७ मायक्रोसेकंदांत परत येतो. या वेळेवरून अंतर कळते आणि पडद्यावर त्या जागी ठिपका उमटतो. आता पडद्यावर दहा ठिपके असतील, तर त्यातले विमान कोणते, आपले जहाज कोणते, हे यंत्राला सांगायचे कसे? ब्रिटनच्या नौदलासाठी काम करणारे शास्त्रज्ञ राल्फ बेंजामिन यांनी १९४६ मध्ये त्यासाठी हाताने फिरवायच्या गोळ्याचे साधन सुचवले. कॅनडाच्या नौदलाच्या ‘डेटार’ या प्रकल्पात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला असेच साधन बनले. त्यात चक्क बोलिंगच्या खेळातला चेंडू वापरला होता. आज ज्याला आपण ट्रॅकबॉल म्हणतो, त्याचे हे पूर्वज.

एंगलबार्ट यांचाही धागा रडारपाशीच जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नौदलाने त्यांना रडार तंत्रज्ञ म्हणून तयार केले आणि फिलिपिन्सला पाठवले. तिथल्या लेते बेटावर रेड क्रॉसच्या छोट्या वाचनालयात त्यांनी व्हॅनेव्हर बुश यांचा १९४५ मधला एक लेख वाचला. माहितीच्या ढिगाऱ्यात एका नोंदीवरून दुसरीवर उडी मारता येईल अशा काल्पनिक यंत्राची त्यात मांडणी होती. पुढे १९५० च्या सुमारास त्यांच्या डोक्यात दोन गोष्टी जुळल्या. रडारच्या संकेतांनी पडद्यावर चित्र उमटते आणि समोर बसलेला माणूस बटणे फिरवून त्याला प्रतिसाद देतो. मग हेच संगणकाच्या बाबतीत का होऊ नये?

तेव्हा संगणक कसा वापरला जाई?

आज हा प्रश्न अगदी साधा वाटतो. त्या काळात तो चमत्कारिक होता. संगणक म्हणजे खोलीभर यंत्र. आपले काम भोके पाडलेल्या कार्डांवर उतरवायचे, कार्डांचा गठ्ठा ऑपरेटरकडे द्यायचा आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, छापील कागद घेऊन जायचा. मध्ये एका स्वल्पविरामाची चूक निघाली तर पुन्हा रांगेत. संगणकासमोर बसून त्याच्याशी ‘बोलणे’ ही चैन समजली जाई, कारण यंत्राचा एकेक मिनिट महाग होता. माणसाने थांबावे, यंत्राने थांबू नये, असा तो हिशेब.

एंगलबार्ट यांच्या प्रयोगशाळेने हा हिशेब उलटा केला. माणूस पडद्यासमोर बसेल, मजकूर वाचेल, हवा तो शब्द निवडेल, उचलून दुसरीकडे ठेवेल. आता प्रश्न उरला एकच : पडद्यावरचा ‘हा’ शब्द, हे संगणकाला दाखवायचे कशाने?

पहिला माऊस नेमका कसा बनला?

एंगलबार्ट यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या वहीत एका साधनाचे टिपण करून ठेवले होते. नकाशावरचे क्षेत्रफळ मोजणारे प्लॅनिमीटर नावाचे उपकरण असते. त्याचे चाक कागदावरून फिरवले की मोजमाप होते. तसेच, पण एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाके घेतली तर? एक चाक आडवी हालचाल मोजेल, दुसरे उभी. एंगलबार्ट यांच्या या रेखाटनांवरून इंग्लिश यांनी १९६४ मध्ये पहिला नमुना तयार केला.

आजच्या माऊसशी तो शेजारी ठेवला तर ओळखू येणार नाही. हातात मावेल असा लाकडी ठोकळा, वर कोपऱ्यात एक लाल बटण आणि खाली दोन धातूची चाके. प्रत्येक चाकाला आत एक पोटेन्शिओमीटर जोडलेला. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करायची खुंटी फिरवताना आत जे फिरते, तेच हे. ठोकळा उजवीकडे सरकवला की एक चाक फिरते आणि दुसरे नुसते घसरते. वर सरकवला की उलट. तिरका नेला तर दोन्ही थोडी थोडी फिरतात. चाकाच्या फिरण्याने व्होल्टेज बदलते, ते बदललेले व्होल्टेज आकड्यात रूपांतरित होऊन संगणकाकडे जाते आणि पडद्यावरची खूण तेवढीच सरकते. यात एकही भाग असा नव्हता की जो त्या काळच्या चांगल्या प्रयोगशाळेत मिळणार नाही. सगळी करामत जुळणीत होती.

त्याला माऊस का म्हणायचे, हे कोणी बसून ठरवले नाही. ठोकळ्यातून निघणारी वायर शेपटीसारखी दिसे, एवढेच. सुरुवातीला ही वायर मनगटाच्या बाजूने निघत होती. ती हाताखाली अडकते म्हणून नंतर पुढच्या बाजूला नेली. ‘माऊस’ हा शब्द या अर्थाने छापील स्वरूपात आढळतो तो इंग्लिश यांच्या जुलै १९६५ च्या अहवालात. त्याआधीचा लेखी वापर आतापर्यंत सापडलेला नाही. मराठीने त्याचा उंदीर केला नाही, हे एक बरे झाले.

माऊसच का निवडला?

इंग्लिश यांच्या कामातला सर्वात महत्त्वाचा आणि सर्वात कमी सांगितला जाणारा भाग इथे येतो. माऊस आपण बनवला म्हणून तोच चांगला, असे त्यांनी धरून चालले नाही. नासाच्या पैशातून त्यांनी वेगवेगळ्या साधनांची सरळ स्पर्धा लावली. एका बाजूला पडद्यावर टेकवायचे लाइट पेन, जॉयस्टिक आणि ग्राफाकॉन नावाचे टेबलावरचे साधन. दुसऱ्या बाजूला माऊस आणि चक्क गुडघ्याने चालवायचे एक यंत्र. टेबलाखाली गुडघा डावीकडे-उजवीकडे हलवला की खूण आडवी सरके आणि वर-खाली केला की उभी. हात कीबोर्डवरून काढावाच लागू नये, ही त्यामागची कल्पना.

लोकांना पडद्यावरच्या ठरावीक शब्दावर खूण न्यायला सांगितली. लागलेला वेळ आणि झालेल्या चुका दोन्ही मोजल्या. सरावलेल्या माणसांच्या हातात माऊस सर्वात जलद ठरला आणि चुकाही कमी झाल्या. नवख्या माणसांच्या बाबतीत मात्र लाइट पेन आणि गुडघ्याच्या यंत्राने त्याला चांगलीच टक्कर दिली. मार्च १९६७ मध्ये हे निष्कर्ष शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झाले. त्यावर तीन नावे आहेत आणि पहिले नाव इंग्लिश यांचे आहे. एंगलबार्ट दुसरे.

लाइट पेनची अडचण साधी होती. पेन उचलायचे, हात हवेत धरायचा, पडद्याला टेकवायचे. दहा वेळा ठीक, दिवसभर केले तर खांदा भरून येतो. माऊसला हात टेबलावरच टेकलेला राहतो. इंजिनीअरिंगच्या वर्गात असे मुद्दे फारसे शिकवले जात नाहीत, पण वस्तू टिकते की अडगळीत जाते, हे बऱ्याचदा अशाच गोष्टींवर ठरते.

९ डिसेंबर १९६८ रोजी काय घडले?

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये संगणक क्षेत्राची मोठी परिषद भरली होती. सभागृहात सुमारे एक हजार तज्ज्ञ. मंचावर एंगलबार्ट एकटे, डोक्याला हेडसेट, उजव्या हाताखाली माऊस. मागे २२ फुटी पडदा. संगणक मात्र सभागृहात नव्हताच. तो सुमारे ४८ किलोमीटर दूर, मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत होता. त्याची स्मृती होती १९२ किलोबाइट. तुमच्या फोनमधला एक साधा फोटोसुद्धा तिच्यात मावला नसता.

पुढची ९० मिनिटे लोकांनी जे पाहिले, ते पहिल्यांदाच पाहिले. एंगलबार्ट यांनी पडद्यावर घरच्या वाणसामानाची यादी केली, तिची विभागणी केली, एका शब्दावर क्लिक करून दुसऱ्या माहितीवर उडी मारली. मग मेन्लो पार्कमधला सहकारी पडद्याच्या कोपऱ्यात दिसू लागला, त्याचा आवाज ऐकू आला आणि दोघांनी एकाच मजकुरावर काम केले. लिंक, विंडो, व्हिडिओ कॉल, सामायिक दस्तऐवज हे सारे एका बैठकीत. शेवटी सभागृह उभे राहून टाळ्या वाजवत होते. या प्रयोगाला नंतर ‘सर्व प्रात्यक्षिकांची जननी’ असे नाव पडले.

नाटकाच्या भाषेत सांगायचे तर एंगलबार्ट रंगमंचावर होते आणि इंग्लिश विंगेत. फरक एवढाच, की ही विंग ४८ किलोमीटर लांब पसरली होती. दोन्ही ठिकाणांना जोडणारे मायक्रोवेव्ह दुवे, माऊस आणि कीबोर्डचे संकेत नेणारी टेलिफोन लाइन, प्रयोगशाळेतच बनवलेले मोडेम, एवढ्या मोठ्या पडद्यावर चित्र टाकणारा त्या काळचा दुर्मीळ आयडोफोर प्रोजेक्टर, दोन्हीकडचे कॅमेरे, हे सगळे जुळवण्याची जबाबदारी इंग्लिश यांची. प्रत्यक्ष कार्यक्रमात ते सभागृहाच्या मागच्या बाजूला बसले होते. कानाला हेडफोन लावून ते मेन्लो पार्कच्या माणसांना सूचना देत होते, एंगलबार्ट यांच्याशी बोलत होते आणि पडद्यावर कोणते चित्र कधी जाईल ते ठरवत होते.

यात पणाला काय लागले होते? प्रयोगशाळा सरकारी निधीवर चालत होती आणि तिच्या कामाबद्दल अनेकांना शंका होती. मधला एक दुवा तुटला असता तर हजार तज्ज्ञांसमोर पडदा काळा पडला असता. त्याबरोबर अनेक वर्षांच्या कामाची विश्वासार्हताही गेली असती. तो तुटला नाही.

मग पेटंटवर त्यांचे नाव का नाही?

माऊसच्या पेटंटचा अर्ज १९६७ मध्ये दाखल झाला आणि १७ नोव्हेंबर १९७० रोजी ते मिळाले. क्रमांक ३५४१५४१. कागदोपत्री त्याचे नाव माऊस नाही, तर ‘पडद्यासाठी एक्स-वाय स्थानदर्शक’ अशा अर्थाचे आहे. शोधक म्हणून नाव एकच : एंगलबार्ट.

याचे कारण पेटंट कायद्यात आहे. अमेरिकेच्या कायद्यात शोधक कोण हे ठरवताना मूळ कल्पना कोणाच्या डोक्यात पूर्ण झाली, हे पाहिले जाते. एखाद्याने पूर्ण कल्पना दिली आणि दुसऱ्याने आपल्या व्यावसायिक कौशल्याने ती वस्तूत उतरवली, तर दुसरा माणूस त्या कारणाने सहशोधक ठरत नाही. त्याने कितीही रात्री जागवल्या असोत. घराच्या नकाशावर सही वास्तुविशारदाची असते, भिंत ओळंब्यात उभी करणाऱ्या गवंड्याची नसते, तसेच हे.

म्हणजे यात लबाडी झाली का? तसे दिसत नाही. नमुना इंग्लिश यांनी बनवला, हे एंगलबार्ट यांनी लपवले नाही. शिवाय पेटंटची मालकी होती एसआरआयकडे. एंगलबार्ट यांना त्यावर रॉयल्टी मिळाली नाही. अ‍ॅपलने माऊसचा परवाना सुमारे ४० हजार डॉलरना घेतला, असे त्यांनीच पुढे सांगितले होते. पेटंटची मुदत १९८७ मध्ये, म्हणजे माऊस जगभर पसरू लागला तेव्हाच संपली. पैसा दोघांच्याही वाट्याला आला नाही. एकाचे नाव मात्र इतिहासात गेले आणि दुसऱ्याचे तळटिपेत.

गोळीचा माऊस कोणी आणला?

१९७१ मध्ये इंग्लिश यांनी एंगलबार्ट यांची साथ सोडली आणि ते झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील नव्या संशोधन केंद्रात गेले. एसआरआयमधले आणखी काही जण त्याच वाटेने गेले. एंगलबार्ट यांची यंत्रणा ताकदवान होती, पण ती शिकायला मेहनत लागे. झेरॉक्समध्ये वारे वेगळे होते. प्रत्येकाच्या टेबलावर त्याचा स्वतःचा छोटा संगणक असावा, तो कोणालाही चालवता यावा, असा तिथला विचार होता. त्यातूनच १९७३ मध्ये ‘ऑल्टो’ हा माऊस असलेला संगणक तयार झाला.

या काळात इंग्लिश यांनी माऊसच्या पोटातली दोन चाके काढून त्या जागी गोळी बसवली. एका अर्थाने हा उलटा केलेला ट्रॅकबॉलच. गोळी कोणत्याही दिशेला सहज फिरते आणि तिला आतून टेकलेल्या दोन छोट्या दांड्या आडवी व उभी हालचाल वेगळी करतात. जर्मनीतील टेलिफंकन कंपनीने १९६८ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या प्रात्यक्षिकाच्या काही आठवडे आधीच, स्वतंत्रपणे असे गोळीचे साधन बाजारात आणले होते. दूर राहणारी माणसे एकाच प्रश्नाला एकाच वेळी भिडतात, हे तंत्रज्ञानात नेहमीच घडते. लोकांपर्यंत पोहोचलेली परंपरा मात्र झेरॉक्समधून पुढे गेली. १९८४ चा अ‍ॅपल मॅकिन्टॉश हा तिचाच पुढचा टप्पा.

ज्यांनी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये चपला बाहेर काढून प्रवेश केला आहे, त्यांना हा माऊस चांगलाच आठवत असेल. तो अडखळू लागला की उलटा करायचा, खालची चकती फिरवून काढायची, रबरी गोळी तळहातावर घ्यायची आणि आतल्या दांड्यांवरचा मळ नखाने खरवडायचा. नंतर खालून प्रकाश टाकून सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे टिपणारा ऑप्टिकल माऊस आला आणि हे काम संपले.

फोनच्या काळात इंग्लिश यांचे काय उरले?

फोनला माऊस नाही. बोट हाच माऊस. पण इंग्लिश यांचे एक काम आजही आपल्या अंगठ्याखाली आहे.

झेरॉक्समध्ये असताना स्टुअर्ट कार्ड आणि बेटी बर यांच्यासह त्यांनी पुन्हा एकदा मोजमाप हाती घेतले. माऊस, जॉयस्टिक आणि कीबोर्डवरची बटणे यांची तुलना केली. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात माऊस जिंकलाच, पण का जिंकला तेही कळले. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये हाताच्या हालचालीचा एक नियम मांडला होता. लक्ष्य जितके लांब आणि जितके छोटे, तितका तिथे पोहोचायला वेळ जास्त. माऊसचा वेग या नियमाशी जुळला. याचा अर्थ माऊस वापरताना वेळ लागतो तो माऊसमुळे नव्हे, तर माणसाचा हात आणि मेंदू यांच्या स्वतःच्या मर्यादेमुळे. साधन इतके सहज झाले होते की ते मध्ये येतच नव्हते.

मोबाइल अ‍ॅप बनवणारे आजही याच नियमाचा आधार घेतात. पैसे पाठवायचे बटण मोठे आणि अंगठ्याच्या टप्प्यात असते. खाते बंद करायचे बटण बारीक आणि कोपऱ्यात असते. बोटाला सोपे काय आणि अवघड काय, हे आधी मोजून ठरवलेले असते. जाहिरात बंद करायची फुली इतकी छोटी का, याचे उत्तरही तुम्हाला आता मिळाले असेल.

लाइट पेनमध्ये जाणवलेली हाताच्या थकव्याची अडचणही फोनने वेगळ्या रीतीने सोडवली. पडदा समोर उभा न राहता तळहातात आला, त्यामुळे हात हवेत धरावा लागत नाही.

निवृत्तीपर्यंतचा प्रवास कसा होता?

१९८९ मध्ये इंग्लिश झेरॉक्स सोडून सन मायक्रोसिस्टिम्समध्ये गेले. तिथे त्यांचे काम सॉफ्टवेअरच्या आंतरराष्ट्रीयीकरणाशी संबंधित होते. म्हणजे सॉफ्टवेअर अशा पद्धतीने रचायचे, की त्यातली भाषा, लिपी, तारीख लिहिण्याची पद्धत वेगळी काढता येईल आणि प्रत्येक देशासाठी सगळे पुन्हा लिहावे लागणार नाही. आज फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आपण भाषा मराठी करतो आणि सारा मेनू बदलतो, ते जगभरातल्या असंख्य अभियंत्यांच्या अशाच कामामुळे. या कामाला टाळ्या नसतात. नीट झाले की कोणाच्या लक्षातही येत नाही.

एंगलबार्ट यांना उतारवयात मोठे सन्मान मिळाले. १९९७ चे ट्युरिंग पारितोषिक आणि २००० मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक. २ जुलै २०१३ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी ‘माऊसचे जनक’ गेल्याची बातमी दिली. गंमत म्हणजे एंगलबार्ट यांनाही ही ओळख तोकडी वाटावी, अशीच होती. माणसांची एकत्रित बुद्धी वाढवण्याचा त्यांचा मोठा विचार बाजूला राहिला आणि लोकांना आठवला तो ठोकळा. ज्यांनी तो ठोकळा बनवला, ते इंग्लिश त्यानंतर सात वर्षांनी गेले.

एक प्रश्न, एक नाव, एक गुण ही आपल्या स्मरणाची सवय. प्रयोगशाळा तशी चालत नाही. तिथे कल्पना सांगणारा लागतो आणि ‘हे असे नाही चालणार, वायर पुढून काढू’ म्हणणाराही. दुसऱ्या प्रकारची माणसे आपल्याकडच्या कारखान्यांत, गोद्यांमध्ये, प्रयोगशाळांतही आहेत. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळते आणि त्यांनी चालू ठेवलेली यंत्रे मागे चालत राहतात.

१९६८ च्या त्या प्रात्यक्षिकाचे चित्रीकरण इंटरनेटवर उपलब्ध आहे. कृष्णधवल, थोडे खरखरीत. पाहाल तेव्हा एक करा. मजकुरावर एंगलबार्ट यांचा चेहरा हळूच उमटतो, मग पडदा दुभंगतो, मग मेन्लो पार्कमधला हात आणि त्याखालचा माऊस दिसतो. या प्रत्येक बदलाकडे लक्ष द्या. सभागृहाच्या मागच्या बाजूला बसून ते बदल करणारे बिल इंग्लिश.